मामाची वाट पाहणारी काशाची वाटी

मित्रांनो, कीर्तनाला उभे राहिलेले बुवा आधी नमन करतात आणि मग हळूच विषयाला हात घालतात. माझे निम्मे आयुष्य देवळात गेल्यामुळे ती सवय मलाही लागली आहे. म्हणून आधी तुम्हा सगळ्यांना नमस्कार. काशाची वाटी म्हणतात मला. वय झाले आहे, काठाला एक पोचा आहे, आणि अलीकडे स्वभाव जरा चिडका झाला आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला तर तो तुमच्यावर नाही, एवढे लक्षात ठेवा.

माझा जन्म कसबा पेठेच्या बाजूच्या एका कासाराच्या भट्टीत झाला. तांबे आणि कथील एकत्र वितळवून त्याने कासे केले. त्याच रसातून त्याने झांजांची एक जोडी ओतली आणि आम्हा दोघी वाट्यांनाही घडवले. माझी जुळी बहीण कुणाच्या तरी तळपायांना तूप घासायला गेली. मी मात्र घासाची वाटी झाले. कासाराने नखाने मला टिचकी मारली, कान लावून नाद ऐकला आणि तो नुसताच हसला. ते हसणे म्हणजे मला मिळालेली पहिली शाबासकी.

कांताबाईंच्या लग्नात त्यांच्या भावाने मला रुखवतात मांडले. तिथून मी कर्वेनगरात आले. कॉलेजच्या मागे, मोठ्या सोसायट्यांच्या भिंतीला लागून एक वस्ती आहे, तिथे त्यांच्या दोन खोल्या. गल्लीच्या टोकाला विठ्ठलाचे देऊळ. दर एकादशीला तिथे कीर्तन असायचे आणि कांताबाई मला पदराखाली धरून घेऊन जायच्या. माझ्यात खडीसाखर असायची, कधी सुंठवडा. मी पेटीच्या शेजारी बसायचे. झांज वाजली की माझा काठ आपोआप गुणगुणू लागायचा. रक्ताचे नातेच ते, गप्प कसे बसणार?

पण माझे खरे काम होते उष्टावणाचे. तुमच्यापैकी पुष्कळांचे झाले असेल, आठवत मात्र कुणाला नसेल. बाळ नुसत्या दुधावरून अन्नावर येते त्या दिवशी त्याला मामाच्या मांडीवर बसवतात आणि मामा पहिला घास भरवतो. मुलगा असेल तर सम महिन्यात आणि मुलगी असेल तर विषम, असा आमच्याकडचा रिवाज. गल्लीतल्या कितीतरी बाळांनी पहिला भात माझ्यातून खाल्ला. कुठल्याही घरी उष्टावण असले की निरोप यायचा, कांताबाईंची वाटी द्या, ती हातगुणाची आहे. हे ऐकून मी फुगून जायचे. तेव्हा मला वाटायचे, जगात यापेक्षा चांगले काम नाही. आजही तसेच वाटते.

पुढे स्टीलच्या वाट्या आल्या, मग रंगीत प्लॅस्टिकच्या, कार्टून काढलेल्या. देवळातही प्रसाद द्रोणातून वाटू लागले. मला एका पिशवीत गुंडाळून फळीवर ठेवून दिले गेले आणि तिथे मी बरीच वर्षे पडून राहिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हातारपणी सगळ्यांचे असेच होते. माझी तक्रार त्यानंतरची आहे.

कांताबाईंच्या मुलाचे, सुदर्शनचे लग्न झाले. तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला. बायको श्यामला, लोणी काळभोरची. आईवडील नाहीत, मोठा भाऊ पोपट हेच तिचे माहेर. मुलगी गोड, कामाला वाघ, पण तोंडातून शब्द निघणार नाही. तिला दिवस गेले तेव्हा कांताबाईंनी देवाला साखर ठेवली आणि मला पिशवीतून काढून चिंचेने घासले. मी पुन्हा चमकले. वाटले, आपले दिवस परत आले.

मित्रांनो, कांताबाई वाईट नाहीत. असत्या तर मला राग नीट काढता आला असता. सुनेच्या पायाला सूज आली तर स्वतः पाय चेपून द्यायच्या. पण जेवायच्या वेळी मात्र म्हणायच्या, जरा बेतानं खा गं, पोटात पोर मोठं झालं तर बाळंतपण जड जातं. त्यांच्या सासूने त्यांना हेच सांगितले होते. त्यात सुनेने सगळ्यांच्या मागून जेवायचे, ही घराची रीत. आधी सुदर्शन, मग कांताबाई, मग पातेल्याला जे चिकटले असेल ते श्यामलाचे. कढई तिच्यापुढे येईपर्यंत त्यात भाजीचा नुसता वास उरलेला असायचा.

डोहाळजेवण मात्र थाटात झाले. फुलांचे दागिने, हिरवी साडी, फोटोवर फोटो. दोन वाट्या झाकून ठेवल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. श्यामलाने मला उचलले आणि माझ्याखाली बर्फी होती. बायका हसल्या, टाळ्या पिटल्या. त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेल्याचे तळ. एक दिवस जेवून पोर कसे पोसायचे, हे त्या फोटोवाल्यांपैकी एकालाही सुचले नाही.

अवनी जन्मली ती लहानखुरीच. पण रडणे मात्र खणखणीत, अगदी माझ्या जातीचे.

आता मामाच्या रुसव्याची गोष्ट. बारशाला बाळाच्या मामाला टॉवेल-टोपी देऊन मान करायचा असतो. त्या दिवशी हडपसरला वाहने अशी तुंबली की पोपट वेळेवर पोचलाच नाही. सुदर्शनला वाटले, आता हा काही येत नाही. त्याचे साहेब बसले होते, त्यांचा काहीतरी मान करायला हवा होता, म्हणून त्याने मामासाठी आणलेली टोपी साहेबांच्या डोक्यावर ठेवली. नेमका त्याच वेळी पोपट घामाघूम होऊन दारात उभा राहिला. त्याने टोपी पाहिली, साहेबांचे डोके पाहिले, पाळण्यात बाळाच्या उशाशी झबले ठेवले आणि पाणीही न पिता निघाला. जाताना एवढेच म्हणाला, "उष्टावणाला बी सायबालाच बोलवा."

लोक हसले. मलाही तेव्हा हसू आले होते. पुढे याचे काय होणार आहे ते मला काय माहीत?

अवनी सहा महिन्यांची झाली. आईचे दूध तिला पुरेना. दूध यायला आई जेवायला तर हवी! कुणी जेवायला बसले की ती मान वळवून घासाकडे बघायची, ताटातून तोंडापर्यंत, तोंडातून पुन्हा ताटापर्यंत, जशी काही आरतीचे निरांजन बघते आहे. कांताबाईंनी सातवा महिना धरला. मुलगी म्हणजे विषम महिना हवाच. मला घासून लख्ख केले, मखमलीच्या फडक्यावर ठेवले. आता मामाला बोलवायचे.

पण बोलवायचे कुणी? सुदर्शन म्हणाला, जावई मी आहे, मी कसा आधी फोन करू? तिकडे पोपटचे म्हणणे, मान माझा गेला, मी कसा करू? श्यामलाने एकदा भावाला फोन केला. तो म्हणाला, दाजी बोलवतील तवा येतो. मग ती गप्प बसली. सातवा महिना असाच गेला. आठवा लागला, तो सम. म्हणजे मुलीला चालत नाही. आता नववा येईपर्यंत थांबा. एका टोपीपायी दोन पुरुष फोनकडे बघत बसले आणि घरात एक पोर तोंड उघडे ठेवून बसले. मी फळीवरून सगळे पाहत होते. मला पाय असते तर मीच लोणीला गेले असते.

सगळ्यात जास्त कशाने संताप यायचा, सांगू? कांताबाई एका सोसायटीत पोळ्या करायला जात. तिथेही एक बाळ होते, अवनीच्याच वयाचे. संध्याकाळी घरी आल्या की कौतुकाने सांगायच्या, आज मी त्याला मऊ खिमट करून दिलं, वर तूप सोडलं, कसं मिटक्या मारत खाल्लं. श्यामला ऐकत बसायची. एकदा ती हळूच म्हणाली की त्याचा मामा तर परदेशात असतो. कांताबाई म्हणाल्या, त्यांच्यात चालतं. झाले, विषय संपला.

अंगणवाडीच्या प्रेमलाताई एकदा वजन करायला घरी आल्या. दाराच्या कडीला काटा टांगला, झोळी अडकवली. कांताबाईंनी अवनीला नटवून आणले. पायात चांदीचे वाळे, कमरेला जाड कडदोरा, अंगात दोन झबली, डोक्याला टोपडे. नात हडकलेली दिसू नये म्हणून ही सगळी तयारी.

प्रेमलाताईंनी एकदा वरून खालपर्यंत पाहिले. "हे सगळं काढा," त्या म्हणाल्या. "मला पोरीचं वजन हवंय, सराफाच्या दुकानाचं नकोय."

कांताबाईंनी गाल फुगवून सगळे काढले. काट्याचा हात जेमतेम हलला. प्रेमलाताईंनी वर पाठवायला काट्याचा मोबाइलवर फोटो काढला, पण नेट येईना म्हणून दारात हात उंच करून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितले की सहा महिने झाले की आईच्या दुधाबरोबर रोज घट्टसर अन्न द्यायलाच हवे. खिमट, वरणभात, कुस्करलेले केळे, उकडलेले अंडे, घरात असेल ते. कांताबाईंनी शांतपणे मामाचे सांगितले.

"कुठे असतात मामा?"

"लोणी काळभोरला."

"मग तिथं पीएमटीची बस जाते, बाई," प्रेमलाताई म्हणाल्या आणि काटा गुंडाळून पुढच्या घरी गेल्या. त्यांना अजून निम्मी गल्ली करायची होती. जाताना त्यांनी पिठाची दोन पाकिटे ठेवली, एक बाळाचे, एक आईचे. आईच्या पाकिटाची थालीपिठे झाली आणि ती सुदर्शनच्या डब्यात गेली. बाळाचे पाकीट देवाजवळ ठेवले गेले, मामा आल्यावर फोडायचे म्हणून.

त्या एकादशीला बऱ्याच वर्षांनी कांताबाईंनी मला देवळात नेले. एका हातात मी, खडीसाखरेने भरलेली, दुसऱ्या हातावर अवनी. बुवांचा आवाज काय सांगू तुम्हाला! मी पुन्हा गुणगुणले. उत्तररंगात बुवा म्हणाले की देवापुढे नैवेद्य दाखवून पडदा ओढता, पण देव काही पडद्याआड जेवत नाही, तो तुमच्या दारातल्या भुकेल्याच्या तोंडाने जेवतो. मृदंग थांबला होता. कांताबाईंच्या डोळ्यांना धार लागली. आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवरच्या अवनीने हात लांब करून माझा काठ धरला.

कांताबाईंनी तिची बोटे एकेक करून सोडवली. फार मायेने सोडवली हो. "अजून नाही गं बाळा," त्या म्हणाल्या, "मामा येऊ दे."

सगळ्या देवळाला प्रसाद मिळाला. अवनी कांताबाईंच्या पदराचे टोक चोखत झोपी गेली. विठ्ठला, एवढे कीर्तन ऐकून माणसाचे कान निवतात, मग हात का हलत नाहीत? मी त्या दिवशी त्याच्याशी भांडले. तो नेहमीप्रमाणे कमरेवर हात ठेवून उभा.

पुढे एका दुपारी श्यामलाने धीर केला. कांताबाई कामाला गेल्या होत्या. तिने केळे सोलले, मला खाली घेतले आणि केळे माझ्यात कुस्करले. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या पोटात बाळाचे अन्न पडले होते! अवनीने वास घेतला आणि हातपाय झाडू लागली. श्यामलाने बोटावर थोडेसे घेतले. तेवढ्यात दार वाजले. सोसायटीतली मंडळी बाहेरगावी गेली म्हणून कांताबाई लवकर परतल्या होत्या. श्यामला इतकी दचकली की तिने मला कॉटखाली सरकवले आणि बोट पदराला पुसले.

कॉटखाली मी संध्याकाळपर्यंत होते. मुंग्या आल्या. त्यांना मामा लागत नाही, महिनाही लागत नाही. एका रांगेत आल्या आणि पोट भरून गेल्या. वर अवनीचे रडणे आणि खाली माझ्यातले केळे, मध्ये फक्त एक कॉट.

मुंग्यांच्या रांगेवरूनच कांताबाईंना मी सापडले. मला वाटले, आता आकांडतांडव होणार. पण त्या खाली फरशीवर बसल्या.

"मी तुझ्या पोरीची वैरीण आहे का गं?" त्यांनी विचारले.

मग त्यांनी सुनेला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. सुदर्शनच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. त्याच्या उष्टावणाला त्यांचा भाऊ येऊ शकला नाही, तेव्हा शेजारच्या कुणीतरी घास भरवून टाकला. चार दिवसांत बाळाला जुलाब लागले आणि ते गेले. "मामाशिवाय घास गेला आणि पोर माझं राहिलं नाही," त्या म्हणाल्या. "तुझी पोर मला हवीय, म्हणून थांबवतेय."

मित्रांनो, त्या घासाची वाटी मीच होते. मी सगळे पाहिले होते. त्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या नळाला गढूळ, वास येणारे पाणी यायचे. गटाराचे पाणी कुठूनतरी पाइपात शिरले होते. तेच पाणी, न उकळता, भात मऊ करायला माझ्यात ओतले गेले. घास मामाचा नव्हता म्हणून नाही, पाणी घाण होते म्हणून ते बाळ गेले. हे मला ठाऊक होते आणि मला तोंड असून बोलता येत नव्हते. मी नुसती पडून होते आणि कांताबाई मला मांडीवर घेऊन रडत होत्या. सासू रडली, सून रडली. आणि परिणाम काय? आता श्यामलाही घाबरली. त्या दिवसानंतर तिने मला हात लावला नाही.

अवनी मात्र दिवसेंदिवस शांत होत गेली. बायका म्हणायच्या, किती गुणी पोर, रडत नाही. अहो, रडायलाही अंगात काहीतरी लागते!

शेजारी हुस्नबानू राहतात. त्या आणि कांताबाई एकाच वर्षी या गल्लीत नव्या नवऱ्या म्हणून आलेल्या. साड्यांना पिको-फॉल करून देतात. एका सकाळी साडी द्यायला आल्या आणि अवनीला उचलून घेतले. पोर मान टाकून त्यांच्या खांद्यावर पडून राहिली. हुस्नबानूंनी तिला मांडीवर बसवून पाहिले, ती एका बाजूला कलंडली. कांताबाई कामाला गेलेल्या. हुस्नबानूंनी श्यामलाकडून सगळे वदवून घेतले, पहिल्या बाळापायी बसलेली कांताबाईंची भीतीही, आणि हात पुढे केला.

"दे तो फोन इकडं. भाऊ कुठल्या नावानं आहे?"

पोपटने उचलताच त्या म्हणाल्या, "मी बानूमावशी, शेजारची. तुमची भाची आजारी नाही, उपाशी आहे. तुम्हाला टोपी हवी असेल तर माझ्या घरात सहा आहेत, येऊन घेऊन जा." आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोपट आला. सुदर्शनला सुट्टी होती, कांताबाईही घरात. पोपट उंबऱ्यात उभा राहून अवनीकडे बघत राहिला.

"ही तीच पोरगी हाय का, बारशातली?" त्याने विचारले. "मग वाढली न्हाई व्हय?"

मग त्याने बहिणीकडे पाहिले. श्यामला पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, आणि हात वर करताच तिच्या बांगड्या घसरून कोपरापर्यंत गेल्या. पोपटने तांब्या घेतला नाही. सुदर्शनने कपाटातून नवी कोरी टोपी काढून आणली, ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला. "ठिवा ती," पोपट म्हणाला. "कुठल्या डोक्यावर घालू?"

वाटले, आता तरी झाले. पण कांताबाई पुढे आल्या. त्यांना मामा आल्याचा आनंद झाला होता, तो चेहऱ्यावर दिसत होता, पण आज अमावस्या होती आणि नववा महिना लागायला अजून अवकाश होता. तोवर पोपटने राहावे, आपण थाटात करू, असे त्यांचे म्हणणे. मित्रांनो, मी तेव्हा फळीवरून खाली उडी मारायचीच बाकी होती.

हुस्नबानू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या. आवाज चढवला नाही.

"कांता, तुझा बाळ गेला तो उन्हाळा आठवतो?"

कांताबाईंची मान वळली.

"त्याच आठवड्यात माझा बिलाल गेला. तेच जुलाब, तोच नळ. तुला वाटलं, मामा नव्हता म्हणून. माझ्या बिलालचे तीन मामा त्या दिवशी घरात बसले होते. आणि आमच्यात तर हा रिवाजच नाही." त्यांनी कांताबाईंचा हात धरला. "पाणी होतं गं ते. आपण दोघींनी तेच पाजलं."

इतक्या वर्षांत जे मला सांगता आले नाही, ते कुणीतरी सांगितले. कांताबाईंनी देवाकडे पाहिले, मग अवनीकडे. पोपटने वाट पाहिली नाही. तो मोरीत गेला, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, आणि बहिणीला म्हणाला, खिचडी, भात, काय असेल ते मऊ कर. श्यामलाने मुगाची डाळ आणि तांदूळ चढवले. कुकरची शिट्टी झाली. मला फळीवरून काढले गेले, उकळत्या पाण्याने धुतले गेले, आणि माझ्यात गरम खिमट पडले.

अवनीला मांडीवर घेऊन पोपट बसला. त्याने बोटांवर घास घेतला, फुंकला, आणि तो अवनीच्या तोंडाशी नेण्याऐवजी बहिणीपुढे धरला.

"आधी तू," तो म्हणाला.

श्यामला मागे सरकली. सासूसमोर, नवऱ्यासमोर, सगळ्यांच्या आधी? पोपटने हात खाली घेतला नाही. "भाचीला भरवाया आलो, पर तिची आईच रिकामी हाय. रिकाम्या हंड्यातनं पोरीला काय मिळायचं? तोंड उघड."

तिने तोंड उघडले. घास गेला आणि तिचे डोळे भरून आले. दुसरा घास अवनीचा. तिने तो थुंकला. तिसरा जिभेवर घोळवला, तोंड वेडेवाकडे केले, आणि गिळला. मग तिने दोन्ही हातांनी मामाचे मनगट धरले आणि सोडेना.

कांताबाई उठल्या. मला वाटले, आत निघून जातील. त्या कपाटाजवळ गेल्या, बरणी काढली आणि पोपटपुढे आणून ठेवली.

"नुसतं काय भरवताय?" त्या म्हणाल्या. "तूप घाला की त्यात."

मित्रांनो, कीर्तन असते तर बुवांनी इथे आरती लावली असती आणि तुम्ही प्रसाद घेऊन घरी गेला असता. पण माझा राग अजून उतरलेला नाही, म्हणून थोडे थांबा.

अवनी आता रोज जेवते. आधार दिला तर बसते. पण प्रेमलाताईंचा काटा अजून मनासारखा हलत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खायला घालत राहा, मागे पडलेले भरून यायला वेळ लागेल, आणि सगळे भरून येईलच असे सांगता येत नाही. ते महिने कुणी खाऊन टाकले? कुणी दुष्टाने नाही. मायेने, मानाने आणि भीतीने खाल्ले. आणि श्यामला? पोपट येतो त्या दिवशी तो बहीण ताटावर बसल्याशिवाय घास घेत नाही, म्हणून ती सगळ्यांबरोबर जेवते. तो गेला की दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यांच्या मागून. कांताबाई हल्ली तिच्यासाठी भाजी काढून ठेवतात, हे खरे. पण जेवायला बस म्हणत नाहीत, आणि ती स्वतःहून बसत नाही. आता तिच्या पोटात पुन्हा कुणी आले, तर हे सगळे पहिल्यापासून मला बघावे लागणार का, या विचाराने मला झोप येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. तुमच्या घरात बाळ असेल, बाळ होणार असेल, नाहीतर नुसती आई असेल, तरी चालेल. आज जेवायला बसाल तेव्हा बघा, आई कुठे आहे? गॅसपाशी उभी असेल. बोलवाल तर म्हणेल, तुमचं होऊ दे, मी बसते मागून. ते ऐकू नका. तिचे ताट आधी वाढा, त्यात भाजी आहे का ते बघा, आणि ती बसल्याशिवाय घास उचलू नका. ती रागावेल, हसेल, वेळ नाही म्हणेल. तरी अडून बसा. खेळण्यासाठी, मोबाइलसाठी, आइस्क्रीमसाठी तुम्ही कसे अडून बसता ते मी फळीवरून रोज ऐकते. तेवढाच हट्ट एकदा यासाठी करा.